दगडाला गजकर्ण झालंय का हो, बाई?

पावसाळ्यात या पानावर शेवाळाबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हणून गेले की दगडफुलाचं पुढं कधीतरी बघू. ते 'कधीतरी' वाचकांनी धरून ठेवलं. पोस्टानं, फोनवर आणि एक तर चक्क भाजी मंडईत अडवून विचारलेला, असे प्रश्न साठले आहेत. त्यातले काही आज घेते. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय, त्यामुळं उत्तर लांबायची सवय आहे, चालवून घ्या.

बाई, आमचं शेत येळ्ळूरच्या गडाखाली आहे. बांधावरच्या काळ्या धोंड्यांवर पांढरट, हिरवट, मधी मधी पिवळे असे गोल चट्टे आहेत. आमची आजी म्हणायची, दगडाला गजकर्ण झालंय. मी लहान होतो तेव्हापासून बघतोय, आहेत तसेच आहेत. पोरगा म्हणतो शेवाळ आहे. खरं शेवाळ उन्हाळ्यात जातंय की, हे जात नाही. तेवढं काय ते सांगा की.
*– एक शेतकरी, येळ्ळूर*

(लांबच्या वाचकांसाठी : आमच्या बेळगावकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुढं वाचताना अडखळू नका.)

आजीची उपमा फार जुनी आहे. ग्रीक लोकही अंगावरच्या चट्ट्याला आणि झाडाधोंड्यांवरच्या असल्या वाढीला एकच शब्द वापरायचे. 'लायकेन' हे नाव तिथूनच आलं. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला शैवाक म्हणतात आणि किराणा दुकानात दगडफूल. दगडाचं हे दुखणं नव्हे. आणि तुमच्या पोराचंही अगदीच चुकलेलं नाही. शेवाळ त्यात आहे, फक्त घर त्याचं नाही.

घर बुरशीचं. तुम्ही शेतकरी, म्हणून वाट्यानं लावलेल्या रानाचा हिशेब सांगते. बुरशीला स्वतःचं अन्न करता येत नाही. शैवालाला (पुस्तकात शेवाळाला शैवाल म्हणतात) येतं, पण उघड्या धोंड्यावर उन्हात ते सहसा टिकत नाही. बुरशी आपल्या धाग्यांचं दाट विणलेलं छप्पर घालते, त्याखाली शैवालाच्या हिरव्या गोल पेशींचा थर, त्याखाली सैल धाग्यांची गादी आणि सगळ्यात खाली दगडाला धरलेली पकड. सगळं मिळून पापडाएवढं जाड, कित्येकदा त्याहूनही पातळ. शैवाल उन्हात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा मालकाला जातो. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे मांडलं, तेव्हा दगडफुलांच्या नामांकित अभ्यासकांनी त्यांची टर उडवली. श्वेंडेनर तर बुरशीला सरळ धनी आणि शैवालाला गुलाम म्हणायचे. मला ते जरा जास्त वाटतं. पण वाटणी निम्मी-निम्मी नाही हे नक्की. आणि २०१६ मध्ये स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळशा दगडफुलांच्या वरच्या सालीत आणखी एक, किण्वासारखी (यीस्टसारखी) बुरशी दाखवून दिली. म्हणजे दीडशे वर्षांनी उताऱ्यावर तिसरं नाव निघालं.

गंमत अशी की यातली मुख्य बुरशी एकटी वेगळी काढून प्रयोगशाळेत वाढवली, तर नुसता बिनआकाराचा गोळा होतो. गोल चट्टा, पानासारखी झालर, रंग हे सगळं शैवाल सोबत असेल तरच.

आता उन्हाळ्याचं. उद्या शेतावर जाताना पाण्याची बाटली घ्या. माझ्याकडं शहापुरातून घेतलेलं सराफी भिंग आहे, तुम्हाला पोराचं दप्तरातलंही चालेल. वाळलेला, राखेच्या रंगाचा एक चट्टा निवडा आणि त्यावर चार थेंब सोडा. मनात तीस-चाळीस मोजेपर्यंत राखाडीचा हिरवा होतो. रंग कुठून आला नाही, तो आतच होता. कोरड्या छपराच्या धाग्यांत हवा भरलेली असते म्हणून ते पांढरं दिसतं. भिजलं की ओल्या मलमलीतून अंग दिसावं तसा खालचा शैवालाचा थर दिसायला लागतो. दगडफुलाला मुळं नाहीत आणि पाणी धरून ठेवणारी मेणचट सालही नाही. पाऊस आला की ते पितं, पहाटेच्या दवावर तासभर काम करतं, दहा वाजता ऊन लागलं की वाळून कडकडीत होतं आणि काम बंद. मरत नाही, थांबतं. तुमच्या बांधावरच्या शेवाळाला हे सहसा एवढं जमत नाही. २००५ मध्ये दगडावरच्या दोन जाती यानातून नेऊन पंधरा दिवस उघड्या अवकाशात ठेवल्या होत्या. परत आणून भिजवल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या. मग एप्रिलमधलं येळ्ळूरचं ऊन ते काय.

भिंग हातात आहेच तर आणखी दोन गोष्टी बघा. चट्ट्याच्या मध्यावर मोहरीपेक्षा बारीक, काळ्या किंवा तपकिरी पणत्या दिसतील, काहींना पांढरी किनार असते. त्या बुरशीच्या. त्यातून बीजाणू उडतात, पण नव्या जागी शैवाल भेटलं तरच त्यांचा संसार होणार. म्हणून काही जातींनी दुसरी सोय केली आहे : कडेला पीठ सांडल्यासारखी पूड असते. तिच्या प्रत्येक कणात बुरशीचा धागा आणि शैवालाच्या चार-दोन पेशी एकत्र गुंडाळलेल्या. वाऱ्यानं, मुंगीच्या पायानं जाईल तिथं दोघं सोबतच उतरतात.

'आहेत तसेच आहेत' असं तुम्ही लिहिलंय, ते तेवढं खरं नाही (हे 'खरं' नेहमीचं). आमच्या परसात जुना रगडा पालथा पडलाय. १९९८ मध्ये त्यावर रुपयाच्या नाण्याएवढा एक करडा चट्टा होता. बटर पेपर ठेवून मी पेन्सिलीनं त्याची कड गिरवली आणि कागद डिक्शनरीत ठेवला. २०२३ मध्ये पुन्हा गिरवली. आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढा झाला होता, म्हणजे पंचवीस वर्षांत कड साधारण बोटाच्या दीड पेराएवढी सरकली. दगडाला घट्ट चिकटलेल्या जाती याहूनही सावकाश, वर्षाला मिलिमीटरपेक्षा कमी वाढतात. या मंद चालीवरूनच रोलांड बेशेल यांनी १९५० च्या सुमारास हिमनदीनं मागं टाकलेल्या धोंड्यांचं वय काढायची रीत बसवली. त्या भागातले काही दगड कधी उघडे पडले ते माहीत असेल, तर त्यांच्यावरून चट्ट्याच्या वाढीचा वेग काढायचा, मग वय माहीत नसलेल्या धोंड्यावरचा सगळ्यात मोठा चट्टा मोजायचा आणि हिशेब मांडायचा.

काही चट्ट्यांना काळी कड असते, आणि असे दोन-तीन शेजारी भिडले की तालुक्यांचा नकाशा काढल्यासारखं दिसतं. थंड प्रदेशातल्या अशा एका पिवळ्या जातीचं नावच 'जिऑग्राफिकम' आहे. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला नकाशावरच्या काळ्या रेघेचं कौतुक सांगू नये म्हणा, १९५६ पासून तीच तर कटकट आहे. दगडावरही सगळं सलोख्याचं नसतं, कधी कधी एक दुसऱ्याच्या अंगावर चढून त्याला गिळतो.

जाता जाता : ओल्या धोंड्यावर काळं, भिजल्यावर लिबलिबीत होणारं एखादं दिसलं तर त्यात हिरव्या शैवालाऐवजी नील-हरित शैवाल असण्याची शक्यता जास्त. तुमच्या बासमतीच्या खाचरात हवेतला नत्र बांधणारं जे असतं, त्याचाच हा भाऊबंद, आणि दगडावरही तो तेच काम करतो. गडावर बुरुजाच्या टोकाला घारी-कावळे बसतात, तिथं नारिंगी ठिपके दिसले तर त्यांना नत्र पाखरांच्या विष्ठेतून मिळतो.

मसाल्यातलं दगडफूल हेच का? आमच्या कंपाउंडच्या चिऱ्याच्या भिंतीवर भरपूर आलंय. बाजारात एवढंसं घ्यायलाही पैसे पडतात. तेच काढून, धुऊन, वाळवून मसाल्यात घातलं तर?
*– एक गृहिणी, शहापूर*

ताई, नका घालू.

मसाल्यातलं दगडफूल म्हणजे पानासारख्या पसरट जाती, मुख्यतः पार्मोट्रेमा गटातल्या. वरून राखाडी-हिरवट, खालून काळं, कडा लहरी. भिंतीवर तुम्हाला दिसतंय ते बहुधा कवचासारखं चिकटलेलं आहे, नखानं निघतच नाही. काढायला जाल तर निम्मा चिरा मसाल्यात येईल. नावात दगड असला तरी बाजारातलं पुष्कळसं दगडफूल झाडांच्या सालीवरून काढलेलं असतं. हिमालयाच्या डोंगरांतून येतं, दक्षिणेतल्या डोंगरांतूनही. पुडीत सालीचे तुकडे निघतात ते त्यामुळं. भेसळ समजून दुकानदाराशी भांडू नका. पण वजनाचा तिसरा हिस्सा सालच असेल, तर भांडा.

दुसरं कारण महत्त्वाचं. दगडफूल जमिनीतून काही घेत नाही, हवेतून येईल ते घेतं. पाणी घेतं, धूळ घेतं, गाड्यांच्या धुरातून येणारे धातूही घेतं आणि वर्षानुवर्षं साठवून ठेवतं. १९८६ मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली, तेव्हा किरणोत्सारी सीझियम वाऱ्याबरोबर थेट स्कँडिनेव्हियात गेलं. तिथलं दगडफूल खाणाऱ्या रेनडिअरांच्या मांसात ते इतकं उतरलं की मांस टाकून द्यावं लागलं. तुमची भिंत रस्त्याला लागून आहे असं तुम्हीच पत्रात लिहिलंय.

आणि सगळी दगडफुलं खाण्याची नसतात. थंड देशांत एका जर्द पिवळ्या जातीचा वापर लांडग्यांना विष घालायला करायचे.

तेव्हा रविवार पेठेतूनच आणा. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर 'कल्लुहूवु' म्हणा. 'कल्लु' म्हणजे दगड, 'हूवु' म्हणजे फूल, शब्दाला शब्द तोच. कोरड्या फडक्यात चोळून माती झाडा, साल वेचून काढा. कच्च्याला मातीसारखा मंद वास असतो, खरा वास तेलात पडल्यावर सुटतो. मंद आचेवर, ब्याडगी भाजायच्या आधी, वेगळं परता. मिरचीबरोबर घातलं की ठसक्यात त्याचा वास कळतच नाही आणि करपलं तरी समजत नाही. आमच्या सासूबाई ते पहिलं परतून काढायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "फूल आहे, त्याला आधी."

आमच्या गावच्या जुन्या दगडी देवळाचं पुढच्या वर्षी कळसारोहण आहे. भिंतींवर पांढरे-काळे-हिरवे डाग पडलेत. ॲसिडनं धुऊन घ्यावं असं कमिटीत बोलणं चाललंय. दगडफूल दगड खातं, असंही एकानं सांगितलं. काय करावं?
*– कमिटीतला एक सभासद, खानापूर तालुका*

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील.

१९९१ साली मी नवीन शिक्षिका. माझं माहेर खानापूर तालुक्यातच, गावाच्या वेशीवर एक वीरगळ आहे. खाली पडलेला वीर, मध्ये अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. सगळ्या दगडावर करड्या-पिवळ्या दगडफुलांची गोधडी. मी मुलींना सहलीला नेलं आणि 'नमुने गोळा करा' म्हणून हातात कंपासचं टोक आणि भाजीची सुरी दिली. मुलींनी तासभर मन लावून खरवडलं. नमुने वहीत चिकटवले, खाली नावं लिहिली (अर्धी चुकीची), वहीला प्रदर्शनात बक्षीस मिळालं. वही पुढं वाळवीनं खाल्ली. वीरगळावरचा तो चौकोन अजून आहे. बाकी दगडापेक्षा फिकट, आणि त्यात मधल्या अप्सरेचं नाक नाही. ते आधी होतं. खरवडलेल्या पापुद्र्यासोबत दगडाचे कण आले, हे मला घरी भिंगाखाली नमुना उलटा धरल्यावर दिसलं.

आता तुमचा प्रश्न. दगडफूल दगड खातं हे खरंच आहे. त्यातून ऑक्झॅलिक आम्ल सुटतं, दगडातली खनिजं सैल होतात. बुरशीचे धागे कणांमधल्या फटींत शिरतात, काही दगडांत चार-पाच मिलिमीटर खोलवर. भिजलं की फुगणं, वाळलं की आकसणं, असं रोज चालतं आणि त्या ओढीनं कण सुटतात. पण याला शतकं लागतात. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, रट्टांच्या वेळची. आठशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन उभी आहे. ॲसिड आणि तारेचा ब्रश मात्र शतकांचं काम दुपारच्या चहाआधी उरकतात. ॲसिड सांध्यांतला चुना खातं, दगडात लोह असेल तर तांबूस ओघळ उमटतात, आत क्षार राहतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. खरबरीत झाला की धूळ आणि नवे बीजाणू आणखी लवकर बसतात. म्हणजे पाच-सात वर्षांनी पुन्हा कमिटीची बैठक. पॉलिशचं तर बोलूच नका, कोरीव कामावर मशीन फिरवलं की देवाचे डोळे जातात.

काय करावं तर आधी शिखरावर चढून बघा. वड-पिंपळाची रोपटी आली असतील, दगड सरकवणारा खरा शत्रू तो. मग पाणी कुठून झिरपतंय ते शोधा. हिरवं-काळं सगळ्यात जास्त तिथंच असणार, आणि गळती थांबली की त्यातलं बरंच आपोआप वाळून जाईल. मूर्तीचा चेहरा झाकला गेला असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, तोही आधी एका कोपऱ्यात वीतभर जागेवर करून, महिनाभर थांबून. ब्लीचिंग पावडर, सोडा, साबण नको. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल, तर यातलं काहीच परवानगीशिवाय करता येत नाही. नसेल तरी जुन्या दगडाची माहिती असणारा माणूस बोलावून दाखवा. आणि रंग लावू नका. देवळाला ऑइलपेंट लावायची टूम आपल्या भागात कुणी आणली कोण जाणे, आतला ओलावा बाहेर पडेनासा होतो आणि दगडाचे पोपडे निघतात.

उरलेले चट्टे राहू द्या. कळसारोहणाच्या फोटोत ते वाईट दिसत नाहीत.

बाई, लिटमस पेपर दगडफुलापासून करतात असं आमच्या सरांनी सांगितलं. ते कसं? आणि विज्ञान प्रदर्शनासाठी प्रोजेक्ट सांगा.
*– इयत्ता नववी, निपाणी*

सर बरोबर आहेत. समुद्रकाठच्या खडकांवर रोसेला नावाची, झुडपासारखी दगडफुलं वाढतात, लिटमस पूर्वी मुख्यतः त्यांच्यापासून करत. दगडफुलातलं मूळ द्रव्य बिनरंगाचं असतं. अमोनिया आणि हवा लागून ते काही आठवडे मुरलं की जांभळा-निळा रंग तयार होतो. पूर्वी त्याच रीतीनं कापडाचे रंग करायचे, आणि बाटलीतला अमोनिया कुठून आणणार, म्हणून शिळं मूत्र वापरायचे. वर्गात सांगताना हा भाग शेवटी सांग, नाहीतर तास पुढं सरकत नाही.

प्रोजेक्ट असा कर. १८६६ मध्ये नायलांडर नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जी दगडफुलं दिसतात, ती शहराच्या बाकीच्या भागांतून गेलेली आहेत. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू त्यांना सोसत नाही. तुझ्याकडं राष्ट्रीय महामार्ग ४८ गावाला लागूनच आहे. तारेची २० सेंटिमीटर बाजूची चौकट कर. महामार्गाच्या अगदी कडेची पाच आंब्याची झाडं, अर्धा किलोमीटर आतली पाच आणि दोन किलोमीटर आतली पाच घे. तुझ्या छातीच्या उंचीवर, प्रत्येक झाडाच्या उत्तर बाजूला चौकट धर आणि आत किती प्रकारची दगडफुलं आहेत, किती जागा व्यापलीय ते मोज. झाड आंब्याचंच हवं, कारण निलगिरीची साल गळून पडते, तिच्यावर काही टिकत नाही. दाट सावलीतलं एक आणि उन्हातलं एक अशी तुलना करू नकोस. आकडे आपल्या मनासारखे आले नाहीत तरी तसेच लिही. परीक्षकांना ते आवडत नाही, मला आवडतं. आणि नावं शोधत बसू नकोस, 'करडं पसरट', 'पिवळी पूड', 'काळे ठिपके' अशी तुझीच नावं दे. भारतातल्या दगडफुलांचे मोठे संग्रह लखनौला आणि पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेत आहेत. तिथल्या लोकांनाही नाव पक्कं करायला रसायनं आणि सूक्ष्मदर्शक लागतो.

खरवडायचं मात्र नाही. फोटो काढ. कारण वर लिहिलंय, तुझ्या जन्माच्या आधीचं आहे.

दगडफुलाच्या काढ्यानं मुतखडा जातो का?
*– मंडईत भेटलेले एक गृहस्थ*

आयुर्वेदात दगडफुलाला शैलेय म्हणतात आणि त्याचा वापर सांगितलेला आहे. पण मी वैद्य नाही आणि तुम्ही कोथिंबीर निवडत होता. सोनोग्राफी करा, डॉक्टरांना दाखवा.

सोबत फोटो पाठवतोय. जांबोटीच्या वाटेवर एका दगडावर नारिंगी दगडफूल आहे. एकदम गोल आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर जास्तच तेजस्वी दिसतं. ही कुठली जात?
*– एक वाचक, बेळगाव*

फोटो आल्यापासून मी खूश होते. एवढा गोल, एवढा नारिंगी चट्टा आपल्या भागात मी पाहिला नव्हता. पुतण्याच्या फोनवर मोठा करून पाहिला, आणि गेल्या रविवारी एसटीनं जाऊन प्रत्यक्षच पाहून आले. भिंग लावलं. पणत्या नाहीत, पूड नाही. पाणी टाकलं, ते मोत्यासारखं घरंगळून गेलं. खालच्या कडेला एक ओघळ सुकलेला आहे आणि त्यात ब्रशचे दोन केस अडकलेत. शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं, वळणावर रात्री दगड दिसावा म्हणून दसऱ्याच्या आधी तोच रंगवतो.

चहा चांगला होता.